उलट्या पिळाची दोरी

श्रद्धेने केलेली चूकही चूकच. आणि लज्जेपोटी ती लपवली, तर तिचा भार निष्पापाच्या माथी येतो. ही कल्पित कथा नव्हे. जिच्या बाबतीत घडली, तिच्याच तोंडून मी ती ऐकली आहे.

दक्षिण कोरियातले जोंजू शहर. जानेवारीची अखेर. दुपारचे तीन. बाहेर बर्फ पडत होता.

रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डातली बंद खोली. आत गाळलेली हवा. फुलांनासुद्धा मज्जाव.

सहा वर्षांची दाओन नऊ दिवस तापाने फणफणत होती. औषधे हरली होती. रक्ताच्या तपासणीत काहीच सापडत नव्हते.

डॉक्टर बांग यांनी पुन्हा विचारले, "घरी ओल, बुरशी, काही?"

"नाही," दाओनची आई मिरान म्हणाली.

ते गेले.

आणि वास आला...

मेजूचा. चटणी-सॉससाठी शिजवून कुटलेल्या सोयाबीनच्या विटा. पेंढ्याच्या दोरीने बांधून, बुरशी धरेपर्यंत उबदार खोलीत टांगतात. सासूबाईंचा त्यात हातखंडा होता. नोव्हेंबरात त्या वारल्या. त्यांच्या हातच्या शेवटच्या विटा टाकवेनात, म्हणून मिरानने त्या घरी टांगल्या. उपचारांच्या मधल्या दिवसांत दाओन जिथे झोपे, त्याच खोलीत.

टक्... टक्...

"आई, आजी आलीय." दाओनचे डोळे मिटलेलेच होते. "माझ्या छातीवर टकटक करतेय. मेजू आतून बरा आहे का बघायला करायची ना, तशी."

"झोप हं, सोन्या."

"म्हणते, ही वीट आतून बिघडलीय." मुलगी किंचित हसली. "आणि म्हणते, तुझ्या आईचं तोंड म्हणजे किमचीच्या लोणच्याचा रांजण. झाकण म्हणून उघडायचं नाही!"

मिरान गारठली.

हा टोमणा सासूबाईंनी तिच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी मारलेला. पुन्हा कधी कुणी उच्चारला नव्हता.

टक्...

ती अनवाणीच धावली.

"डॉक्टर, मी खोटं बोलले! घरी मेजू होते. हिच्या उशाशीच! हिचं हृदय बघा!"

"हृदयच का?"

तिने त्यांची बाही धरून त्यांना खोलीकडे ओढले.

हृदयाच्या झडपेवर बुरशीची गाठ निघाली. औषध बदलले, तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली.

"ती मेजूचीच, असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही बोललात, म्हणून वेळेत सापडली."

दाओन आज आठ वर्षांची आहे.

मात्र त्या दुपारी चादर बदलताना परिचारिकेला पेंढ्याची वीतभर दोरी मिळाली होती. उलट्या पिळाची. सासूबाई डावखुऱ्या होत्या; त्यांनी वळलेल्या दोरीचा पीळ असाच उलटा पडे.

मिरानने ती एका डबीत ठेवली आहे. डबी उघडण्याचे धैर्य तिला आजवर झालेले नाही. बर्फ पडू लागला, की आतून कधीकधी...

त्या वृद्धेला शांती लाभो. त्या मातेचे मन हलके होवो. आणि त्या बालिकेच्या हृदयाचा ठोका अखंड राहो.