ऐन वेळी मुडपणारं बोट

उर्वी पेडणेकरच्या उजव्या हाताची तर्जनी (अंगठ्याशेजारचं बोट) सगळी कामं नीट करायची. सुईत दोरा ओवताना ती थरथरत नसे, पेटी वाजवताना चुकत नसे. पण तेच बोट कॅरमच्या स्ट्रायकरमागे ठेवलं, की टोला मारायच्या क्षणी आपोआप आत मुडपायचं. उर्वीच्या मनात नसताना. असं का व्हावं?

तेरा वर्षांच्या उर्वीला हे कोडं छळत होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. तिचे बाबाच तिचे प्रशिक्षक होते. नेम चुकला की ते एकच औषध सांगत, "आणखी सराव."

राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मात्र ते लपलं नाही. राणी उर्वीने आधीच मिळवली होती. एकच पांढरी सोंगटी उरली होती, तीही पॉकेटच्या तोंडाशी. बोर्डाच्या कडेतल्या सेन्सरांनी (हालचाल टिपणाऱ्या उपकरणांनी) ती सोंगटी मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवली. उर्वीने श्वास रोखला. बोट मुडपलं. स्ट्रायकर तिरका घरंगळत गेला आणि स्वतःच पॉकेटमध्ये पडला.

प्रेक्षकांत हशा पिकला. पुढच्या खेपेलाही तेच झालं आणि समोरच्या मुलीने डाव संपवला.

"घाबरट!" बाबा भर सभागृहात ओरडले. "एवढी वर्षं तुझ्यामागे घालवली, ती यासाठी?"

उर्वीला भीती वाटली नव्हती. पण ते कुणाला पटवणार?

घरी आल्यावर सराव दुप्पट झाला. बाबांनी बोटाला पट्टी बांधून पाहिली, रागावून पाहिलं. बोट पूर्वी कधीमधी मुडपायचं, ते आता प्रत्येक टोल्याला मुडपू लागलं. राष्ट्रीय स्पर्धेसाठी दुसऱ्या मुलीची निवड झाली. त्या दिवशी आईने काही न विचारता उर्वीची पिशवी भरली आणि तिला आपल्या वडिलांकडे, डॉक्टर त्र्यंबक केळुसकरांकडे नेलं. बाबाही मागोमाग आले, तोंड पाडून.

आजोबा मेंदूचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या प्रयोगशाळेत 'बोट्या' नावाचा यंत्रमानव होता. म्हणजे नुसता एक पोलादी हात आणि त्याला जोडलेला कृत्रिम मेंदू. आजोबांनी उर्वीच्या डोक्यावर जाळीची टोपी घातली. टेबलावर हवेत एक रंगीत चित्र तरंगू लागलं.

"हा तुझ्या मेंदूतला हाताचा नकाशा," आजोबा म्हणाले. "प्रत्येक बोटासाठी वेगळी जागा असते. भाताचे वाफे असतात ना, तशी. आता पेटी वाजवल्यासारखी बोटं हलव."

पाच रंग वेगवेगळे उजळले.

"आता स्ट्रायकर मार."

बोट मुडपलं आणि चित्रात तर्जनीचा पिवळा रंग शेजारच्या बोटाच्या निळ्या रंगात वाहत गेला.

"बांध फुटलाय," उर्वी पुटपुटली.

"अगदी बरोबर! एकच बारीक हालचाल हजारो वेळा केली, की काही जणांच्या मेंदूत दोन वाफ्यांमधला बांध झिजतो. एका बोटाला दिलेला हुकूम शेजारच्या स्नायूंनाही पोचतो. बोट उघडणारे आणि मिटणारे स्नायू एकाच वेळी ओढ घेतात. याला डिस्टोनिया म्हणतात (स्नायूंचा मनाविरुद्ध होणारा ताण). तो त्या एकाच कामापुरता उमटतो, म्हणून सुईदोरा जमतो आणि टोला जमत नाही. नेमबाज, तिरंदाज, वादक, कुणालाही होऊ शकतो."

"म्हणजे ती घाबरत नाही?" बाबांनी विचारलं.

"भीतीनेही हात कापतो, आणि भीतीने हे वाढतंही. पण हिच्या दुखण्याचं मूळ भीतीत नाही. हे का होतं, ते सगळं अजून आम्हालाही कळलेलं नाही. पण एक गोष्ट पाहा." आजोबांनी बोट्याच्या मेंदूतले दोन वाफे थोडेसे जोडले आणि त्याला भरपूर सराव दिला. पोलादी बोट आधी जरासं मुडपत होतं. शेवटी ते पुरतं मिटलं. आजोबा बाबांकडे वळले. "मेंदू सरावाने शिकतो, दिनकरराव. चुकीचंही सरावानेच शिकतो."

बाबांनी ते मिटलेलं बोट उघडायचा प्रयत्न करून पाहिला. मग म्हणाले, "पुढच्या निवडीपर्यंत बरी होईल ना?"

उर्वीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढं सगळं पाहून त्यांना हेच विचारावंसं वाटलं!

"माहीत नाही," आजोबा कोरडेपणाने म्हणाले. "आधी विश्रांती. मग ही कंप देणारी अंगठी घालून अगदी सावकाश नवी हालचाल शिकायची. स्पर्श बदलला, की मेंदूला कधीकधी बोटं पुन्हा वेगळी ओळखता येतात. कधीकधी नाही."

"बाबा," उर्वी म्हणाली, "मला घाबरट म्हणालात ते सगळ्यांनी ऐकलं. आता हेही सगळ्यांना सांगा."

बाबांनी सांगितलं. जिल्हा स्पर्धेच्या बक्षीस समारंभात, अगदी शेवटी, हलक्या आवाजात. तोवर निम्मे लोक उठून गेले होते. उरलेल्यांतला एक प्रशिक्षक शेजाऱ्याला म्हणाला, "हरल्यावर सगळ्यांनाच आजार होतात." उर्वीला ते ऐकू आलं. अंगठी घालून सराव सुरू होता, पण सोंगटी अजून वीतभरच सरकत होती. कदाचित ती पुन्हा कधी विजेती होणार नव्हती.

ती दाराकडे निघाली, तेव्हा पंचांच्या टेबलाजवळच्या एक बाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. केस पिकलेले, गळ्यात पंचांचा बिल्ला.

"तुझे बाबा बोलले ते खरं?" त्यांनी विचारलं. "मी तुझ्याएवढी असताना खेळायचे. माझं बोट असंच मिटायचं. सगळे म्हणाले, हिच्यात धमक नाही. मलाही तेच खरं वाटलं. खेळ सोडला मी. याला नाव आहे?"

"आहे," उर्वी म्हणाली. "डिस्टोनिया."

बाईंनी तो शब्द हळूहळू दोनदा उच्चारला.

"उद्या आजोबांकडे याल माझ्याबरोबर?" उर्वीने विचारलं. "त्यांना अजून पुष्कळ शोधायचंय. नकाशे जितके जास्त मिळतील, तितकं लवकर कळेल."

बाईंनी मान डोलावली, आणि दोघी रिकाम्या होत आलेल्या सभागृहातून बाहेर पडल्या.