कोरा डोळा

“हा कुणाचा चेहरा लावून बसलीस गं, ताई?” धाकटीने दारातूनच विचारले आणि हसली… एकाच डोळ्याने, दुसरा, ताईनेच रंगवलेला कृत्रिम डोळा, निश्चल राहिला.

ताई खिडकीकडे वळली. खिडकीच्या काचेत तिलाही तो परका चेहरा दिसे, गोल, तुकतुकीत, जणू तिच्या कातडीखाली कुणी अनोळखी बाई हळूहळू राहायला आली होती! मागच्या फळीवर गिऱ्हाइकांचे कृत्रिम डोळे वाळत होते आणि ते सारे, पापणी न लवता, त्या बाईकडेच पाहत होते.

“बसून खाल्लं की गाल सुटणारच. माझ्या नव्या डोळ्याचं काय? हा जुना पार फिका पडलाय. सोमवारी शाळेत रुजू व्हायचंय. का गॉगल लावून शिकवू?”

“देते गं बाई… बुबुळ तेवढं राहिलंय.”

आखडलेल्या बोटांत कुंचला धरता यावा म्हणून डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या, त्याही थोड्याच आठवड्यांसाठी. ‘चेहरा सुजेल, रक्तदाब वाढेल, साखर वाढेल, हृदयावर बेतेल,’ असे बजावलेही होते. पण गोळी कमी करताच बोटे पुन्हा आखडत, आणि धाकटीच्या तपकिरी बुबुळातली ती हिरवट छटा दुसऱ्या कुणाला साधली असती? ताईने तपासणीला जाणे सोडले. गोळ्या मात्र वर्षानुवर्षे सोडल्या नाहीत…

त्या संध्याकाळी कुंचला टेकवताना तिच्या छातीवर कुणीतरी येऊन बसले. डावा हात थंड पडत गेला. खोलीत फळीवरचे डोळे तेवढे उघडे राहिले!

धाकटीनेच तिला इस्पितळात नेले.

“हृदयविकाराचा झटका आहे. इतकी वर्षं ही गोळी स्वतःच्या मनाने घेत होत्या… घरात कुणालाच माहीत नव्हतं?” डॉक्टरांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी ताईला जाग आली आणि ती दचकली. उशाशी धाकटी होती. तिचा एक डोळा संपूर्ण पांढरा, धुक्यासारखा, बुबुळाविना…

“अगं, कच्चा आहे तो! बुबुळ रंगवायचंय अजून!”

“राहू दे. अशीच जाणार शाळेत.”

“पोरं भितील गं.”

“दोन दिवस भितील, मग चिडवतील. गोळ्या आता डॉक्टर सांगतील तशाच कमी करायच्या… आणि माझ्यासाठी कुंचला धरायचा नाही. ऐकतेस ना?” तिने ताईचे पांघरूण सारखे केले. “बसून खाते म्हणाले गं तुला मी…”

ताईने हात उचलला. त्या कोऱ्या डोळ्याखालूनही पाणी वाहत होते. तिने ते पुसले नाही, नुसता तळवा तिथे टेकवून ठेवला.