नळाचं पहिलं पाणी

प्रयोगशाळेतली नमुने घ्यायची खिडकी मी बंदच करत होते, तेवढ्यात एक हात आत आला. हातात दोन प्लास्टिकच्या बाटल्या.

"पाणी आहे."

"मला तहान नाही."

"प्यायचं नाही... तपासायचं." तो ओशाळून हसला आणि मी बंद होणारी खिडकी पुन्हा उघडली.

तो पाणीपुरवठ्यात नोकरीला होता, पण नमुने घरचे होते, ताईच्या स्वयंपाकघरातले. ताईला सातवा महिना, आणि इमारत जुनी. "शिसं नाही ना, एवढंच सांगा," तो म्हणाला आणि बाटल्या माझ्याकडे सरकवल्या.

आमच्याकडे यंत्रं दोन. एक गॅसच्या ज्योतीवर चालणारं, ते झटपट काम करतं, पण शिसं थोडं असलं तर त्याला ते दिसतच नाही. दुसरं छोट्या विजेच्या भट्टीचं, ते एकेक थेंब तापवत बसतं, जीव खातं, पण त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. साहेब म्हणाले, ज्योतीवर उरकून टाका. मी हट्टानं भट्टी लावली. का, ते तेव्हा मला विचारलं असतं तर मी कामाचंच कारण दिलं असतं.

शिसं नव्हतं. तो सुटल्यासारखा खुर्चीत बसला... मला मात्र चैन पडेना.

"भरण्याआधी नळ सोडून ठेवला होतात?"

"हो, चांगला वेळ. जंतू तपासायचे असले की आम्ही तसंच करतो."

मी कपाळाला हात लावला. "अहो, शिसं पाइपातून पाण्यात रात्रभर उतरतं. ते सगळं तुम्ही मोरीत सोडलंत, आणि मला आणून दिलंत ते मागचं पाणी."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मी त्याच्यासोबत ताईंच्या ओट्यापाशी उभी होते. खरं तर माझी तिथे काहीच गरज नव्हती.

"चहापुरतं तरी घेऊ दे रे," ताई जांभई देत म्हणाल्या.

"आधी बाटली," आम्ही दोघं एकदमच बोललो. ताईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गालातल्या गालात हसल्या.

त्या पाण्यात शिसं निघालं, तेही मर्यादेच्या बरंच वर. त्यानं त्याच दिवशी ओट्याखालचा जुना पाइप उखडून टाकला. नवा बसेपर्यंत तो कामावरून परस्पर ताईंकडे पाणी पोचवायचा, आणि वाटेत नसलेल्या आमच्या प्रयोगशाळेत डोकावून जायचा. साहेबांनी भुवया उंचावल्या. मी दुर्लक्ष केलं.

नव्या पाइपाचं पहिलं पाणी आम्ही पुन्हा भट्टीवरच लावलं. आकडा आला तसा मी पडदा त्याच्याकडे वळवला. त्यानं लगेच फोन लावला.

"ताई, पाणी चांगलं आहे... हो, खुशाल पी... हो, इथेच आहे ती." मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. "विचारतो म्हटलं ना..."

"काय विचारायचंय ताईंना?"

"ताईला नाही — मला." त्यानं फोन छातीशी धरला. "मला तुम्ही आवडता. पाणी तपासून झालं तरी मला इथे यायचंय... तुमची हरकत नसेल तर."

माझे कान तापले. "ताई फोनवरच आहेत का अजून?"

"आहे."

"मग त्यांनाच सांगा... मी हो म्हटलंय."