जिऊमिंग, जरा मोठ्याने

ते २०१८ साल. हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या माझ्या माडीवर विक्रम भाड्याने राहायचा आणि चिनी शिकवायचा. बेगम बाजारातले व्यापारी माल आणायला चीनला जात, तेच त्याचे विद्यार्थी. शेजारच्या लक्ष्मणरावांची त्रिवेणी वेगळ्याच कारणाने आली. तिचं लग्न शांघायला नोकरी करणाऱ्या मुलाशी ठरलं होतं.

पहिल्याच दिवशी जिन्यात तिची ओढणी कठड्याच्या खिळ्यात अडकली. वरून उतरणाऱ्या विक्रमने ती सोडवली, आणि पहिला धडा तिथेच झाला.

"परक्या गावात आधी मदत मागता यावी. जिऊमिंग, म्हणजे वाचवा! म्हणा."

"जिऊमिंग..."

"हे तर चहा घेणार का, असं विचारल्यासारखं झालं."

"आमच्या घरात बायका मोठ्याने बोलत नाहीत, सर."

"मग घर जळून जाईल, आणि शेजारी म्हणतील – बाई फार शांत होती हो!"

ती खळखळून हसली. खाली शेंगा निवडताना मी ते ऐकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पुढे आग, चोर, डॉक्टर, सगळे शब्द झाले. ती तेच तेच चुकायची.

"मुद्दाम चुकतेस ना?"

"हौ. नक्को चुकू?"

यावर तो नुसता खिडकीबाहेर बघत राहायचा... कान मात्र लाल.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती हळदीच्या अंगाने माडीवर आली. मी दारातच होते.

"बाबांनी शब्द दिलाय. त्यांच्यासमोर माझा आवाजच फुटत नाही..."

"मी बोलू?" विक्रमने विचारलं.

"नको. मलाच बोलू दे."

"मग उद्या मी समोरच उभा असेन. शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत एकदा जिऊमिंग म्हण, मी मांडवात येईन. काहीच बोलली नाहीस, तर हे लग्न तुझ्या मर्जीचं समजेन."

लक्ष्मणरावांनी हौसेने मर्फावाले बोलावले होते. त्यांचे ढोल मांडवाला खेटून उभे. विक्रम माझ्या शेजारी, अक्षता मुठीत आवळून. शेवटचं 'सावधान' झालं आणि सगळे ढोल एकदम कडाडले. अंतरपाट खाली आला. ढोल थांबले तेव्हा दोघांच्या गळ्यात हार होते.

विक्रमने अक्षता माझ्या हातावर ठेवल्या. "काकू, ती काही बोलली नाही."

लक्ष्मणराव पुढे दोन वर्षांनी गेले, समाधानाने. विक्रम आता कोठी भागात शिकवतो, एकटाच राहतो. नव्या विद्यार्थ्याला तो आधी ओरडायला लावतो, रस्त्यावरची माणसं वर बघेपर्यंत. माझी माडी मी पुन्हा कुणाला दिली नाही.

त्रिवेणी शांघायला आहे. गेल्या दिवाळीला तिचा फोन आला. सगळ्यांची चौकशी झाली.

"काकू... मी म्हटलं होतं. दोनदा. तेवढ्यात मर्फा सुरू झाला."

मी विचारलं, "विक्रमला सांगू?"

पलीकडे तिची लेक चिनीत काहीतरी बडबडत होती.

"नक्को, काकू," त्रिवेणी म्हणाली – इतकं हळू, की मला फोन कानाशी घट्ट दाबून धरावा लागला.