हो म्हणेपर्यंत थांबायचं

आमच्या वृद्धाश्रमातला बायकांचा जुना वॉर्ड आता शिकवणीचा हॉल झालाय. भिंतींना फिकट हिरवा रंग दिलाय, फरशी नवी केलीय, पलंगांच्या रांगा होत्या तिथं खुर्च्या आणि फळा आलाय. पलंग एकच ठेवलाय, खिडकीशी. त्यावर रबरी आजी झोपलेली असते. म्हणजे बाहुली. माणसाएवढी, माणसाएवढ्याच वजनाची, डोक्याला पांढरे नायलॉनचे केस, तोंड जरासं उघडं, काहीतरी बोलता बोलता थांबल्यासारखं. तिला पुसून काढायला, कुशीवर वळवायला, उठवून बसवायला आधी शिकायचं, मग खऱ्या माणसाला हात लावायचा.

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी इथं आया म्हणून लागले तेव्हा माझी वेणी कमरेखाली जायची आणि शिक्षण सहीपुरतं. थोरल्या सिस्टर पुढं आणि मी मागं, हाच माझा कोर्स. दुपारी वॉर्डभर पावडरीचा आणि तापलेल्या पाण्याचा वास. खिडकीबाहेर धुतलेल्या चादरी फडफडायच्या, आणि आत म्हाताऱ्या भांडायच्या, कोणाच्या केसांना आधी फणी लागली म्हणून. एक तर रोज आरसा मागायची, बघून तोंड वाकडं करायची आणि पाच मिनिटांनी परत मागायची, मधल्या काळात काही सुधारणा झाली असेल म्हणून. काय बायका होत्या! शिव्या द्यायच्या तरी कान भरून ऐकाव्याशा वाटायच्या. सगळ्या गेल्या, बऱ्याचशा माझ्या हातांवरच गेल्या. एवढी माणसं गेली, एक परत आली नाही. म्हणून भुताखेतांच्या गोष्टी कोणी काढल्या की मी उठून चहा टाकायला जाते.

हे आधी सांगितलेलं बरं.

माझी धाकटी सून याच आश्रमात काम करते. हात असे की तापानं फणफणलेलं माणूसही तिच्या हाताखाली शांत होतं. तोंड मात्र शिवलेलं. लग्न होऊन आली तेव्हा पहिला आठवडा मला वाटलं, मुकी पोर गळ्यात मारली.

मध्यंतरी नवा नियम आला. म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्या सगळ्यांकडं पात्रता पाहिजे. ज्यांनी सुटे सुटे कोर्स केलेत, कोणी उचलण्याबसवण्याचा, कोणी विसराळू माणसांना सांभाळण्याचा, त्यांचे ते कोर्स आणि कामाची वर्षं जोडून एक सर्टिफिकेट द्यायचं. नियम चांगलाच. आम्हाला जन्मभर ‘ती बाई’ म्हणायचे, आता पोरींना काही नाव तरी मिळेल. पण शेवटी एक प्रात्यक्षिक द्यायचं, या रबरी आजीवर. त्यात धाकटी नापास झाली होती. कारण काय, तर कामभर ती एक शब्द बोलली नाही. रुग्णाशी बोलायचं असतं, काय करतोय ते सांगायचं असतं, त्याचे गुण असतात.

आता शेवटची संधी. हुकली तर वॉर्डातून काढून धुलाईला टाकणार. घरी येऊन तिनं भांडी घासली, हात पुसले आणि म्हणाली, “आई, मला चादरी नकोत. मला माणसं पाहिजेत.” एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

“मग बोलायला शीक,” मी म्हटलं. “मी शिकवते.”

माझा मुलगा जेवता जेवता थांबला. “आई, घरात बोलणारं एक माणूस आहे ना. दुसरं झालं तर मी कुठं जाऊ?”

“तू आधीही कुठं होतास?” मी म्हटलं.

अशी सासूनं सुनेला तोंड उघडायला शिकवण्याची वेळ माझ्यावर आली. शिकवणाऱ्या बाई तरुण आहेत, पण हुशार आणि मनानं मोकळ्या. त्यांनी मला हॉलमध्ये बसायची परवानगी दिली. मी खिडकीजवळची खुर्ची धरली आणि धाकटीला थोरल्या सिस्टरांचा धडा दिला. आधी नाव घेऊन हाक मारायची. काय करणार ते सांगायचं. करू का, म्हणून विचारायचं. आणि मग थांबायचं. समोरचं माणूस हो म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. जिला बोलता येत नाही तिचे डोळे हो म्हणतात, बोट हो म्हणतं. पण हो आलं पाहिजे.

“आजी, आम्हीही हेच शिकवतो,” बाई म्हणाल्या. “संमती म्हणतो त्याला. पण बाहुलीला विचारून पोरी लगेच हात घालतात. थांबत कोणी नाही.”

“ही थांबेल,” मी म्हटलं. माझी शिकवण म्हणजे काय!

आणि धाकटी थांबायला लागली. पलंगाशी वाकून हळू म्हणायची, “आजी, तुम्हाला उजव्या कुशीवर वळवते हं. चालेल ना?” मग हात पोटाशी धरून उभी राहायची. थोड्या वेळानं मान हलवायची आणि कामाला लागायची. मी खूश. बाई खूश. मागं बसलेल्या पोरी आधी खिदळल्या, मग गप्प बसून बघायला लागल्या.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. तिचं थांबणं सारखं नसायचं. कधी विचारल्या विचारल्या हात पुढं जायचा. कधी इतकी थांबायची की मागच्या खुर्च्या करकरायला लागायच्या. माणूस नाटक करतं तेव्हा मोजून मापून करतं. ही मोजत नव्हती.

घरी जाताना मी विचारलं, “तू थांबतेस ते कधीपर्यंत?”

“हो म्हणेपर्यंत,” ती म्हणाली.

मी हसले. तीही हसली. पण तिला मी विनोद सांगितल्यासारखी हसली.

मग ती घरीही बोलायला लागली. काय बोलायची? रबरी आजींना मानेखाली जाड उशी चालत नाही. त्यांना पाणी आधी पायांवर घेतलेलं आवडतं, तोंडावर नाही. डाव्या हाताची करंगळी जपून धरावी लागते. मी कणीक मळत ऐकत होते. आमच्या वॉर्डातल्या बायका आठवून बघितल्या. जाड उशी एकीला चालायची नाही. पाण्याचं दुसरीचं होतं. करंगळीचं कोणाचं ते आठवेना, पण होतं कोणाचं तरी. या खोडी एका बाईच्या नव्हत्याच. आणि मी त्या धाकटीला कधी सांगितल्या नव्हत्या.

“हे तुला कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“विचारलं मी.”

“कोणाला?”

तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली, जशी मी वॉर्डातल्या विसराळू बायकांकडं टाकायची. प्रेमानं, आणि जरा काळजीनं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी सगळ्या जेवायला गेल्या. मी डबा आणला नव्हता, खुर्चीतच बसले. बाहेर चादरी वाळत होत्या. हॉलमध्ये रंगाचा वास यायचा तो त्या दुपारी येत नव्हता. पावडरीचा येत होता. मनाशी म्हटलं, कोणीतरी लावून आली असेल. वास आला की माणूस तरुण होतं. मी बसल्या बसल्या सगळा वॉर्ड पुन्हा मांडला, कोण कुठल्या पलंगावर, कोणाच्या उशाशी काय. आणि जुन्या सवयीनं तोंडातून गेलं, “काय हो, पाठ अवघडली का?”

विचारलं, आणि सवयीनंच थांबले.

काही झालं नाही. मी सांगते ना, काही झालं नाही. बाहेर चादरी फडफडत होत्या त्या थांबल्या. एवढंच. मग मी उठले, कारण बाहुलीच्या पायाखालची चादर चुरगळली होती आणि असली चुणी मला बघवत नाही. ती ओढून सरळ केली. तेव्हा टाचेखालची जागा हाताला लागली. गरम होती.

ऊन असेल म्हणून मी खिडकीकडं पाहिलं. ऊन पलीकडच्या भिंतीवर होतं.

धाकटीला मी काही बोलले नाही. परीक्षेच्या तोंडावर पोरीला काय सांगायचं?

परीक्षक बाहेरून आले होते. वयस्क गृहस्थ, मुळात वॉर्डात नर्सचं काम केलेले, चालण्यावरून कळत होतं. पाय न वाजवता आले. सगळ्यांशी नीट बोलले. पहिला नंबर धाकटीचा. इतर पोरी बाहेर बाकावर, आत आम्ही तिघी आणि ते. मला कोणी ऊठ म्हटलं नाही, म्हटलं असतं तरी उठले नसते.

धाकटीनं हात धुतले. पलंगाजवळ गेली. बाहुली पाठीवर होती, पांघरूण छातीपर्यंत.

“आजी, मी आलेय. आज तुम्हाला डाव्या कुशीवर वळवायचंय, म्हणजे पाठ पुसता येईल. वळवू का?”

आवाज स्वच्छ, जराही न अडखळता. माझी छाती फुगली. परीक्षकांनी मान हलवून काहीतरी लिहिलं.

धाकटी थांबली.

थांबली.

शिकवणाऱ्या बाईंनी माझ्याकडं बघितलं. परीक्षकांनी पेन टोपणात घातलं आणि काढलं. “छान,” ते म्हणाले. “आता पुढं करा.”

“नको म्हणतायत,” धाकटी म्हणाली.

झालं. माझ्या शिकवणीनं पोरीला धुलाईत नेऊन बसवलं. हात लाव गं, मी मनात ओरडत होते, रबराची आहे ती, हात लाव.

परीक्षक मात्र चिडले नाहीत. त्यांना वाटलं, पोरीनं आपणहून अवघड प्रसंग उभा केलाय. जरा हसूनच म्हणाले, “बरं. रुग्णानं नकार दिला. मग तुम्ही काय कराल?”

“विचारीन, का ते.”

“विचारा.”

धाकटी वाकली. बाहुलीच्या उघड्या तोंडाशी कान नेला. किती वेळ कोण जाणे. मग सरळ झाली.

“त्या कुशीला लागतंय म्हणतात. रात्रभर त्याच अंगावर ठेवलं होतं.”

“रात्री हॉलला कुलूप असतं,” शिकवणाऱ्या बाई पटकन म्हणाल्या. मग त्यांनाच वाटलं, आपण हे कशाला बोललो.

“मग तपासा,” परीक्षक म्हणाले.

“आजी, बघू का?” पुन्हा थांबली. या वेळी लवकर मान हलवली. पांघरूण बाजूला केलं, झगा हलकेच वर घेतला.

डाव्या कमरेच्या हाडावर तळहाताएवढा लाल डाग होता.

“काल नव्हता,” बाई म्हणाल्या. “औषधी पाण्यानं रबराचा रंग जातो कधी कधी.”

“जातो,” परीक्षक म्हणाले.

आणि पुढं झाले. त्यांना करायचं नसावं, पण ज्यांनी जन्म वॉर्डात काढला त्यांचा अंगठा ऐकत नाही. असा डाग दिसला की अंगठा टेकवून दाबायचा. सोडल्यावर जागा पांढरी पडून परत लाल झाली, तर आत रक्त फिरतंय, वेळेत सापडलं. मीही हेच केलं असतं.

त्यांनी अंगठा टेकवला. दाबला.

उचलला.

तिथं पांढरा ठसा होता.

आम्ही चौघंही बघत होतो. ठसा कडेकडेनं गुलाबी झाला. मग भरत भरत मधोमध आला. मग लाल.

बाहेर बाकावर पोरी कशाला तरी हसत होत्या.

परीक्षकांनी झगा स्वतःच्या हातानं खाली घेतला. पांघरूण ओढलं, कडा गादीखाली नीट खोचल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. मग ते पलंगाच्या कडेला वाकले आणि अगदी हळू आवाजात, जसं वॉर्डात बोलतात तसं, म्हणाले, “माफ करा. न विचारता हात लावला.”

आणि थांबले.

मला काही ऐकू आलं नाही. माझे कान अजून तिखट आहेत, चार घरं पलीकडं भांडी कोणाची पडली तेही मी सांगते. मला काही ऐकू आलं नाही.

थोड्या वेळानं परीक्षकांनी मान हलवली.

“पास आहे,” ते सरळ होता होता बाईंना म्हणाले. “खिडकीचा पडदा ओढून घ्या. आणि आज आता कोणाला आत पाठवू नका. त्या दमल्यात.”