सातवी कपार

समुद्रकड्यावरच्या अभयारण्यात घरट्यांची मोजणी जोडीने होते. दोघांनी आपापलं मोजायचं आणि आकडे शेवटी ताडून पाहायचे. ताई आणि तिचा धाकटा भाऊ वीस वर्षं असेच मोजत आले होते. गेल्या वर्षी वारा बोचरा होता, म्हणून धाकटा सातव्या कपारीपर्यंत गेलाच नाही. गाडीत बसून त्याने अंदाजाने आकडा ठोकून दिला, एक्केचाळीस. ताईने लिहिलं होतं शून्य. बाईंची नजर गेली, असं कार्यालयाने ठरवलं आणि तिला घरी बसवलं. धाकटा करून सवरून नामानिराळा राहिला.

ताईलाही ते पटलं. तिने वाचन सोडलं, गाडी चालवणं सोडलं. सुईत दोरा ओवायलाही ती शेजारणीकडे जाऊ लागली. ते पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. आज काय ते कबूल करायचं, म्हणून त्याने तिला आग्रहाने इथे आणलं होतं.

सहा कपारींवर नुसता कलकलाट, आणि विष्ठेचा नाकात चढणारा वास. सातवीसमोर आले तर ना आवाज, ना वास.

"इथं दोन वर्षांत पीससुद्धा पडलं नाही, साहेब," सोबतचा रखवालदार म्हणाला.

धाकट्याने दुर्बीण लावली. कपारीत पांढरे पक्षी समुद्राकडे तोंड करून दाटीवाटीने बसले होते. त्याने मोजले. एक्केचाळीस. काच पुसून पुन्हा मोजले. तेवढेच.

"किती रे?" ताईने विचारलं. "मला मेलीला नुसता दगड दिसतोय."

त्याने दुर्बीण खाली घेतली.

"ताई, तुझे डोळे चांगले आहेत. गेल्या वर्षी मी इथवर आलोच नव्हतो. तो आकडा खोटा होता."



"वर्षभर मी भिंतीला धरून चालले," ती म्हणाली. "आणि तू बघत होतास."

त्याला मान वर करवेना.

"आता तरी खरं लिही."

त्याने लिहिलं, शून्य. मग राहवेना म्हणून पुन्हा दुर्बीण लावली.

एकही उडाला नव्हता. सगळे त्याच्याकडे तोंड करून बसले होते.

आणि थोडं थोडं सरकून त्यांनी मधोमध एकाची जागा केली होती.