रविवारचा राउटर

"चार काड्यांचा राउटर आहे का हो?" मी गंगारामशेठना विचारलं, आणि माझ्या मागे कुणीतरी हसलं.

मी वळून पाहिलं. हातात निथळणारी छत्री, गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट, आणि चेहऱ्यावर ते हसू अजून तसंच.

"हसायला काय झालं?"

"काही नाही… अँटेनाच्या काड्या वाढवल्या म्हणून नेट पळत नाही, एवढंच."

"तुमचं दुकान आहे का?"

"नाही. पण पैसे तुमचे जाणार म्हणून बोललो."

गंगारामशेठनी हातातलं खोकं काउंटरवर आपटलं. "अगो सानिका, हा सर्वेश. आमच्या शेजारच्या बाईंचा भाचा. लोट्याला केमिकल कंपनीत आहे, मीटरं-बिटरं सांभाळतो. हुशार आहे. फक्त ती हुशारी माझ्या दुकानात उभा राहून दाखवतो!"

मला खरं तर राग आला होता. मारुती मंदिरापर्यंत भर पावसात मी काही कुणाचं व्याख्यान ऐकायला आले नव्हते. पण फुकटचा सल्ला मिळत असेल तर रत्नागिरीचं माणूस तो सोडत नाही. मी माझं रडगाणं सांगितलं.

माझे बाबा आत्माराम, तुरेवाले शाहीर. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहतात, एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जबाब द्यायचा. ती बारी बाबांनी उभं आयुष्य गाजवली. त्यांच्या मंडळाच्या जुन्या कॅसेटी मुंबईत मंडळातल्याच धोंडूदादाकडे होत्या. त्याने त्या एकेक करून कॉम्प्युटरवर चढवल्या. फाइली अवाढव्य; इंटरनेटवरची फुकटची जागा बघता बघता भरली. मग मंडळाच्या पोरांनी टॉरंट सुरू केलं. ज्याच्याकडे फाइलचा जेवढा तुकडा असेल, तेवढा त्याने दुसऱ्याला द्यायचा. बाकी सगळ्यांकडे तुकडे धावत जायचे. आमच्याकडे येताना मात्र ते वाटेत जेवून, झोपून, पाहुणचार घेऊन यायचे.

"राउटर ठेवलाय कुठे?" त्याने विचारलं.

"ओटीवर. देव्हाऱ्याशेजारी."

"आणि लॅपटॉप?"

"मागच्या खोलीत."

"भिंती?"

"जांभ्याच्या. हातभर जाड."

तो पुन्हा हसला. या वेळी मलाही हसू आलं… काय करणार?

पुढच्याच रविवारी तो आमच्या नाचणे गावातल्या घरी आला. "आत्याकडे आलोच होतो," म्हणाला. आल्या आल्या त्याने राउटरवरचं क्रोशाचं झाकण उचललं. ते माझ्या आईने विणलं होतं.

"काकू, हे कशाला?"

"धूळ बसते रे त्याच्यावर. आणि नुसता बोडका बरा दिसतो काय?"

त्याने ते झाकण नीट घडी करून आईच्या हातात दिलं. "बोडकाच राहू दे. गरम होतो तो." मग माळ्यावर चढून ओटीपासून माझ्या खोलीपर्यंत केबल ओढली. खाली उतरला तेव्हा केसांत कोळ्याचं जाळं. मी बोट दाखवलं, त्याने भलतीकडेच हात फिरवला. पुन्हा दाखवलं, पुन्हा भलतीकडे. शेवटी मीच काढलं. त्याच्या केसांना पावसाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता.

केबलने फरक पडला, पण पुरेसा नाही. मग त्याच्या पुढच्या रविवारी त्याने राउटरच्या पोटातली सेटिंगची सगळी पानं उघडली.

"बाहेरून जो तुकडा घेऊन येतो, त्याला तुमच्या घराचं दारच सापडत नाही," तो म्हणाला. "म्हणून राउटरमध्ये एक दार उघडायचं. त्याला नंबर द्यायचा. आणि राउटरला बजावायचं, या नंबरवर कुणी आलं की सरळ सानिकाच्या लॅपटॉपकडे पाठव."

"आणि लॅपटॉपने घर बदललं तर?"

"म्हणजे?"

"दर वेळी चालू केला की त्याचा पत्ता बदलतो ना? मग तुमचा पाहुणा जुन्याच पत्त्यावर जाऊन बसेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "वाचून आलात?"

"थोडंसं."

"मग पत्ता कायमचा करून टाकू," तो म्हणाला, आणि लगेच स्क्रीनकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. मी काहीच न कळल्यासारखं केलं. असं न कळल्यासारखं करायला मला फार छान येतं.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पाठवायच्या वेगाला लगाम घातला. मी भाबडेपणाने सगळं सगळ्यांना मोकळं सोडलं होतं, त्यामुळे देण्यातच सगळी लाइन भरून जायची आणि घ्यायला जागाच उरायची नाही.

"द्यावं," सर्वेश म्हणाला, "पण स्वतःसाठी थोडं राखून."

"हे फाइलींबद्दल की एकूणच?"

"फाइलींबद्दल…" तो म्हणाला. "सध्या तरी."

आणि मग तो रविवार उजाडला, जेव्हा फाइल अक्षरशः बघता बघता उतरली. आई चहा घेऊन येईपर्यंत काम खलास. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलो. आनंद व्हायला हवा होता.

"झालं की," तो म्हणाला. "आता काही राहिलं नाही."

"हो ना."

"मग… मी निघतो."

"चहा घेऊन जा."

चहा त्याने इतका हळूहळू प्यायला की वर साय धरली. तो गेला, आणि तो सबंध आठवडा मला ऑफिसात एक ड्रॉइंग धड काढता आलं नाही. इंजिनिअरसाहेबांनी विचारलं, "सानिका, या घराला दरवाजा का नाही?"

शनिवारी संध्याकाळी मी एक उद्योग केला. राउटरच्या पानांवर गेले, जोडलेल्या यंत्रांच्या यादीत माझा लॅपटॉप शोधला, आणि त्याच्यापुढे वेगाची मर्यादा टाकली. अगदी गोगलगायीची. मग सर्वेशला मेसेज केला: पुन्हा हळू झालंय.

उत्तर लगेच आलं. "उद्या येतो."

मी आरशासमोर उभी राहून कोणती कुर्ती घालायची ते ठरवत होते. दुसऱ्या दिवशी काय होणार, याची मला काय कल्पना?

रविवारी दुपारी बाबा माझ्या खोलीच्या दारात आले. त्या संध्याकाळी त्यांची पूर्णगडला बारी होती. समोरचा शक्तीवाला शाहीर चांगलाच तयारीचा, आणि त्याचा एक जुना सवाल बाबांना पक्का माहीत होता. त्याचा जबाब बाबांच्या गुरूंनी एका गवळणीत बांधला होता. ती गवळण बाबा एकदाच गायले होते, ऐन तरुणपणी.

"बाय, धोंडूने ती कॅसेट सकाली टाकलीय बोलला. तेवडी उतरव. माज्या डोक्यात पयला कडवा हाय, दुसरा काय येत नाय."

"धोंडूदादालाच विचारा ना फोनवर," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"तो कामावर गेलाय. फोन त्याचा लॉकरमध्ये. कॉम्प्युटर तेवडा चालू ठेवलान हाय."

सर्वेश तेव्हा माझ्या खुर्चीत बसून लॅपटॉपशी झटत होता. डोळे तांबारलेले, दाढीही केलेली नव्हती. त्याने केबल काढून पुन्हा लावली. दाराचा नंबर बदलून पाहिला. राउटर बंद करून चालू केला. फाइल तशीच रांगत होती. या वेगाने ती उतरेपर्यंत बारी संपून माणसं घरी गेली असती.

मी त्याच्या मागे उभी. त्याने यादीचं ते पान उघडलं की प्रश्न मिटला असता, पण तो नेमका तिकडेच जात नव्हता. आणि मी सांगितलं की सगळंच उघडं पडणार. तो काय म्हणेल? एवढ्या लांबून त्याला खोटं सांगून बोलावलं, आणि आता वर बाबांची बारी…

बाबा पुन्हा आले. अंगात झब्बा, गळ्यात उपरणं. "काय झाला गो? आली का नाय?"

"शाहीर, माफ करा," सर्वेश कपाळ पुसत म्हणाला. "काय बिघडलंय तेच कळत नाही मला."

बाबांनी उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. नाय तर नाय. सवाल टाकलान, तर हात जोडीन. एकदा हरलो म्हनून काय मरत नाय मानूस."

बाबा बारीत हात जोडणार? रागावले असते तर मला चाललं असतं. ते "ऱ्हाऊ दे" म्हणाले, ते लागलं.

"सरका जरा," मी सर्वेशला म्हटलं.

मी उभ्या उभ्याच यादी उघडली, माझ्या नावापुढचा आकडा पुसला, बदल जतन केला. स्क्रीनवरचा वेग असा उसळला, की बाबांनाही कळलं.

"चालू झाला?"

"हो बाबा. आत्ता येईल."

बाबा खुशीत पहिलं कडवं गुणगुणत ओटीवर गेले. सर्वेश जागचा हलला नव्हता. पागोळ्या खिडकीबाहेर सारख्या गळत होत्या.

"ती मर्यादा…" तो म्हणाला.

"मी लावली. काल."

"का?"

"नसती लावली, तर आज आला असता तुम्ही?" आता थांबण्यात अर्थ नव्हता. "राउटर बरा झाला आणि मलाच काही बरं वाटेना. मला तुम्ही आवडता. मी चुकले. बाबांची बारी बुडाली असती माझ्यामुळे. आता रागवायचं तर रागवा."

मी फरशीकडे बघत राहिले.

"माझी सुट्टी रविवारी नसते," तो म्हणाला.

"काय?"

"बुधवारी असते. दर शनिवारी मी दुसऱ्याची रात्रपाळी करतो, तेव्हा कुठे रविवार मिळतो. आजही सकाळी कंपनीतून सुटलो तो सरळ एसटीत बसलो. डोळ्याला डोळा नाही. म्हणून तर डोकं चालेना… नाहीतर एवढी साधी गोष्ट मला दिसली नसती?" तो हसला, ते दुकानातलंच हसू, पण या वेळी जरा घाबरलेलं. "आत्या विचारते, मेल्या, आत्याची माया एवढी कधीपासून उतू जायला लागली?"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, बुधवारी या. बुधवारी तुम्ही ऑफिसात. मी काय काकूंबरोबर राउटरचं झाकण विणत बसलो असतो?"

मी हसले, आणि त्याच वेळी रडलेही. त्याने हात पुढे केला आणि माझी बोटं धरली, हलकेच, विचारल्यासारखी. मी ती सोडवून घेतली नाहीत.

फाइल उतरली. बरीच पुढे-मागे केल्यावर ती गवळण सापडली. कॅसेटच्या खरखरीतून बाबांचा तरुण आवाज आला आणि आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून धावत आली. बाबांनी डोळे मिटून दुसरं कडवं ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि तिसऱ्या वेळी स्वतःच म्हटलं. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. निघता निघता त्यांची नजर आमच्या हातांवर गेली. बोटं सोडायचं आम्ही दोघंही विसरलो होतो.

"मथुरा," बाबा आईला म्हणाले, "याला नीट जेवायला वाढ. झोप झालेली दिसत नाय पोराची."

जेवून निघताना सर्वेश पायरीवर घुटमळला. छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"या बुधवारी मी रजा टाकतेय," मी म्हटलं.

"का? काही बिघडलंय?"

"काही नाही बिघडलेलं. तरी या."